फ्रीफॉर्म आरशांच्या दुर्बिणीचा आराखडा कसा करावा

फ्रीफॉर्म आरसा म्हणजे ज्याच्या पृष्ठभागाला कोणत्याही अक्षाभोवती सममिती नसते असा आरसा. त्याच्यामुळे तीन आरशांची दुर्बीण अशी तिरकी रचता येते, की दुसरा आरसा येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत आडवा येत नाही.

सुरुवात मात्र साध्या गोलीय आरशांनीच करावी. वक्रता अशा निवडाव्यात, की दोन अंतर्वक्र आरशांच्या वक्रतांची बेरीज बहिर्वक्र आरशाच्या वक्रतेइतकी होईल, म्हणजे प्रतिमेचे प्रतल सपाट राहते. मग आरसे झुकवून वाट मोकळी करावी. कोणता आरसा कोणत्या बाजूला झुकवायचा, हा निर्णय माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे: रॉचेस्टर विद्यापीठाच्या बावर, शीसर आणि रोलँड यांनी २०१८ मध्ये दाखवले, की भूमिती चुकली तर फ्रीफॉर्म पदे (आरशाच्या आकाराच्या सूत्रातले, त्याला असममित वळण देणारे घटक) देऊनही चांगल्या भूमितीची सर येत नाही.

पुढे झर्निके पदे, म्हणजे पृष्ठभागाचा आकार ठरावीक तऱ्हेने बदलणारे गणिती घटक, एकेक करून द्यावीत. प्रकाशद्वारावरच्या (प्रकाशझोताची रुंदी ठरवणाऱ्या जागेवरच्या) आरशाला ॲस्टिग्मॅटिझमचे (दोन दिशांतले किरण वेगवेगळ्या अंतरांवर जुळण्याच्या दोषाचे) पद दिल्यास संपूर्ण दृष्टिक्षेत्रात सारखाच परिणाम होतो. द्वारापासून दूरच्या आरशाला कोमाचे (बिंदूची प्रतिमा शेपटीसारखी पसरण्याच्या दोषाचे) पद दिल्यास मात्र कोमाबरोबरच क्षेत्रानुसार बदलणारा ॲस्टिग्मॅटिझमही उमटतो. म्हणून संपूर्ण क्षेत्राचा दोष-नकाशा पाहूनच पुढचे पद निवडावे; सगळी पदे संगणकावर एकदम सोपवू नयेत.

शेवटी पृष्ठभाग जवळच्या गोलापासून किती हटतो आणि त्याचा उतार किती आहे, हे तपासावे, कारण जो आरसा नीट मोजता येत नाही तो अचूक घडवताही येत नाही. परावर्तनात पृष्ठभागाची चूक तरंगाग्रात (प्रकाशलहरीच्या पुढच्या पृष्ठभागात) जवळपास दुप्पट होते, हे चुकीची मर्यादा ठरवताना धरावे.