डायरेक्ट ऊन सांगणारी मॉडेल्स तपासायच्या आधी

डायरेक्ट ऊन म्हणजे न विखुरता थेट सूर्याकडून येणारं ऊन, आणि ते किती पडतं याचा कॉम्प्युटरवर अंदाज काढणारं गणित म्हणजे मॉडेल. ते तपासायचं म्हणजे लॅपटॉप उघडायचा असं नाही, आधी गच्चीवर जायचं. आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या गच्चीवर ट्रॅकरवर (सूर्यामागे फिरणाऱ्या स्टँडवर) पायरहेलिओमीटर, म्हणजे डायरेक्ट ऊन मोजणारं यंत्र, बसवलाय, त्याच्या पुढच्या बारीक भोकातून आलेला उजेडाचा ठिपका मागच्या खुणेवर बरोबर बसलाय का ते रोज सकाळी बघायचं, कारण हे यंत्र सूर्याभोवतीचं फक्त ५ अंशांचं आकाश बघतं, ठिपका सरकला की आकडा पडतो आणि आपण उगाच मॉडेलला नावं ठेवतो. काच मऊ कापडाने पुसायची आणि कधी पुसली ते वहीत लिहायचं.

मग घड्याळ, आणि इथे अजिबात घाई नको. आपली वेळ ८२.५ अंश रेखांशावरची, ठाणे साधारण ७३ वर, त्यामुळे सूर्याची मध्यान्ह आपल्याकडे सरासरी ३८ मिनिटं उशिरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या आसपास तर फेब्रुवारीच्या मध्यात १२:५२. सॅटेलाइटचा डेटा बहुतेकदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतो, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे त्यांचा तास आपल्या अर्ध्या तासावर सुरू होतो. गेल्या जानेवारीत एक मॉडेल सकाळी जास्त आणि दुपारनंतर कमी ऊन दाखवत होतं, दिवसाची सरासरी चूक मात्र जवळजवळ शून्य, त्यामुळे आठवडाभर काही कळेचना, शेवटी तासाच्या आकड्यावर लिहिलेली वेळ त्या तासाच्या सुरुवातीची की शेवटची एवढाच घोळ निघाला! म्हणून सरासरी चुकीसोबत आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, यात अधिक-उणे चुका एकमेकींना खोडत नाहीत) पण काढा, आणि तासवार ग्राफ तर काढाच.

आपलेच आकडे आपसात जुळतात का तेही बघा, डायरेक्ट गुणिले सूर्याच्या झेनिथ कोनाचा (सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती कललाय त्या कोनाचा) कोसाइन अधिक विखुरलेलं, म्हणजे आकाशभरातून येणारं ऊन, हे सपाट जागेवर पडणाऱ्या एकूण उन्हाएवढं यायला हवं, सूर्य बऱ्यापैकी वर असताना ८ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर ती ओळ बाजूला.

हिवाळ्यातल्या धुरक्यात खरी परीक्षा. डायरेक्ट ऊन कमी होतं पण विखुरलेलं वाढतं, एकूण आकडा फारसा हलत नाही, त्यामुळे एकूण उन्हात पास झालेलं मॉडेल इथे सपशेल आपटू शकतं. एरोसोलचा (हवेतल्या धूळ-धुराच्या बारीक कणांचा) आकडा त्या दिवसाचा घेतलाय की महिन्याची सरासरी, हे आधी विचारा. पावसाळा वेगळा ठेवा, तेव्हा शून्य सांगणारं मॉडेलही हुशार वाटतं. क्लिअर स्काय मॉडेल (आकाशात ढग नाहीत असं धरून चालणारं) फक्त निरभ्र वेळांवरच तपासा.

राहिलं येऊर, आमच्या पश्चिमेचा डोंगर. संध्याकाळी सूर्य डोंगराआड आधीच जातो, मॉडेलला ते माहीत नसतं, म्हणून मी गच्चीवरून डोंगररेषेचे फोटो काढून कुठल्या दिशेला किती अंशांवर सूर्य लपतो ते लिहून ठेवलंय, तेवढी मिनिटं गाळायची.