कैरी न तोडता तिची वाढ कशी मोजावी

कैरी किती भरली हे पाहायला ती तोडली, की तिचा हिशेब तिथेच संपतो. तेच फळ झाडावर ठेवून दर आठवड्याला मोजलं, तर वाढ कधी झपाट्याने झाली आणि कधी रखडली, हे नेमकं कळतं. त्यासाठी व्हर्नियर कॅलिपर (सरकत्या जबड्यांत वस्तू धरून मोजायची पट्टी), वही आणि पावसात न पुसणाऱ्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या एवढंच लागतं.

कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या की निवड करा. लहान फळांची गळ बरीच होते, म्हणून शेवटी 10 फळांच्या नोंदी हव्या असतील तर निदान 30 फळांना खूण करा. ती झाडाच्या चारही बाजूंची घ्या. चिठ्ठी देठाला सैल बांधा; देठ जाड होत जातो आणि करकचून बांधलेला दोरा त्यात रुततो.

मापं तीन घ्यायची. देठाच्या बुडापासून टोकापर्यंत लांबी. मग फळाचा गाल, म्हणजे त्याची रुंद, चपटी बाजू, आपल्यासमोर धरून सर्वांत रुंद जागी रुंदी. तिथून फळ पाव वळवलं की एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंतची जाडी मिळते. नुसत्या लांबीवर विसंबू नका. ती आधी वाढून घेते, गाल मागाहून भरतात. लांबी थांबल्यावरही फळ आतून भरतच असतं. कॅलिपरचे जबडे सालीला जेमतेम टेकवा. दाबले तर माप चुकतं आणि सालीवरचा पांढुरका थरही खरवडतो. फळ ओढू नका, हात फळाकडे न्या.

वेळ मात्र एकच ठेवा, शक्यतो सकाळची. दुपारच्या उन्हात झाडाला पाणी कमी पडलं की फळ किंचित आक्रसतं, रात्री पुन्हा भरतं. एकदा सकाळी, एकदा दुपारी मोजलं तर हाच फरक वाढ किंवा घट म्हणून नोंदला जाईल.

आता आकारमान. तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि गुणाकाराला 0.52 ने गुणा. 8 × 6 × 5.5 ची कैरी सुमारे 137 घनसेंटिमीटर भरते. तीच पुढे 8.6 × 6.5 × 6 झाली तर 174. प्रत्येक माप साधारण अर्ध्या सेंटिमीटरने वाढलं, पण आकारमान सव्वापटीहून जास्त झालं!

ग्रॅममधलं वजनही साधारण याच आकड्याच्या आसपास असतं. प्रत्येक जातीचा आकार वेगळा, त्यामुळे 0.52 हा आकडा तपासून घ्या: त्याच जातीची आपोआप गळलेली, ताजी, निरोगी फळं मोजा, वजन करा आणि वजनाला तिन्ही मापांच्या गुणाकाराने भागा. येणारी सरासरी हा तुमच्या झाडाचा आकडा. फळं मोठी झाल्यावर तो पुन्हा एकदा काढा, कारण वाढताना कैरीचा आकारही बदलतो.