जेरेमी ब्रेटचा शेरलॉक होम्स: कुठून सुरू करावा, कसा पाहावा

ब्रिटनच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या मालिकेत इंग्लिश नट जेरेमी ब्रेटने होम्स साकारला तो 1984 ते 1994 या दहा वर्षांत. एकूण 41 भाग: साधारण पन्नास मिनिटांचे 36 आणि पूर्ण चित्रपटाच्या लांबीचे 5. समोर आला तो भाग लावला, असं करू नका. या दहा वर्षांत ब्रेटचं शरीर आणि त्याबरोबर त्याचा होम्स खूप बदलला. क्रम मोडला की तो बदल कळत नाही, आणि नेमका 1994 चा एखादा भाग आधी पाहिलात तर या नटाविषयी चुकीचंच मत होऊन बसतं.

प्रक्षेपणाचा क्रम धरा. 24 एप्रिल 1984 ला दाखवलेला 'अ स्कँडल इन बोहेमिया' पहिला. (चित्रीकरण मात्र 'द सॉलिटरी सायक्लिस्ट'चं आधी झालं होतं.) 1984 चे सात आणि 1985 चे सहा, असे पहिले तेरा भाग सलग येऊ द्या. यात होम्सचा मित्र आणि कथांचा निवेदक वॉटसन आहे डेव्हिड बर्क. 'द एम्प्टी हाउस'पासून, म्हणजे 1986 पासून, त्या जागी एडवर्ड हार्डविक येतो. नट बदलला म्हणून थबकू नका. बर्कचा वॉटसन चटकन चकित होतो, हार्डविकचा वॉटसन मुरलेला आणि मित्राची काळजी वाहणारा आहे. त्यामुळे ब्रेटही त्याच्यासमोर वेगळा वागतो.

आता पाहण्याची रीत. आर्थर कॉनन डॉयलची मूळ कथा आदल्या दिवशी वाचा, मराठी अनुवाद चालेल. वाचताना होम्सच्या वागण्याचं वर्णन जिथे आहे तेवढ्याच ओळींवर पेन्सिलने खूण करा, रहस्याच्या धाग्यांवर नको. मग भाग एकदा सरळ पाहा. दुसऱ्यांदा फक्त खुणा केलेले प्रसंग काढा आणि त्यातला एक आवाज बंद करून पाहा. एका दिवशी एकच भाग ठेवा. तीन-चार सलग पाहिले की ब्रेटच्या लकबी डोळ्यांत भरतात आणि अभिनय निसटतो.

ही रीत का, ते 'द सिक्स नेपोलियन्स'मध्ये (1986) पुरतं कळतं. शेवटी पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेड होम्सला सांगतो की स्कॉटलंड यार्डात आम्हाला तुमचा अभिमान वाटतो. त्यावर होम्स हेलावला, हे मूळ कथेत वॉटसन निवेदनातून सांगतो. पडद्यावर ते सांगायला निवेदक नाही. ब्रेट आभार मानतो, चेहरा वळवतो, क्षणभर ओठ थरथरतात आणि लगेच कामाचं बोलणं सुरू होतं. पूर्ण मालिकेतला एकच प्रसंग पाहायचा असेल तर हा पाहा. कॉलिन जेव्हन्सचा लेस्ट्रेडही इथे तितकाच मोलाचा आहे.

हातांवर लक्ष ठेवा, आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकताना मिटलेल्या डोळ्यांवर. मूळ कथा ज्यात छापून आल्या त्या स्ट्रँड मासिकातली सिडनी पॅजेटची चित्रं शेजारी ठेवलीत तर कित्येक चौकटी त्या चित्रांवरून बेतलेल्या दिसतील.

पटकथा नेहमी मूळ कथेबरहुकूम असते असं मात्र धरू नका. 'द रेड-हेडेड लीग'मध्ये होम्सचा कट्टर शत्रू मोरियार्टी घुसवला आहे, मूळ कथेत तो नाही. 'द फायनल प्रॉब्लेम'ची तयारी म्हणून ते केलं आहे आणि ते जमलंय. तो पुढचा भाग खुद्द स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यावर, म्हणजे कथेतल्याच जागी, चित्रित झाला. 1993 चे 'द लास्ट व्हँपायर' आणि 'द एलिजिबल बॅचलर' मात्र कथा ताणून दीड-पावणेदोन तासांचे केले आहेत. ते सर्वांत शेवटी पाहिले तरी काही बिघडत नाही. क्रमाला एवढाच अपवाद करा.

1985 साली ब्रेटची पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी तो मानसिकदृष्ट्या कोसळला, रुग्णालयात राहिला. द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचं निदान झालं आणि त्यावरचं औषध लिथियम सुरू झालं. औषधांमुळे अंगात पाणी साठायचं, आणि लहानपणीच्या संधिवाती तापाने हृदय आधीच दुबळं होतं. नंतरच्या भागांत चेहरा सुजलेला दिसतो, धाप लागते, ती यामुळे. त्याला आळस किंवा निष्काळजीपणा समजू नका. 'द मॅझरिन स्टोन'मध्ये तो इतका आजारी होता की तपासाचं काम होम्सच्या भावाकडे, चार्ल्स ग्रेच्या मायक्रॉफ्टकडे, द्यावं लागलं. असं असूनही 'द डाइंग डिटेक्टिव्ह' (1994) जरूर पाहा. 12 सप्टेंबर 1995 ला लंडनमध्ये त्याचं निधन झालं, तेव्हा तो 61 वर्षांचा होता.

'द डेव्हिल्स फूट'मध्ये (1988) होम्स आपली नशेची सिरिंज वाळूत पुरतो. हे कथेत नाही. मालिकेला तरुण प्रेक्षकही आहेत हे कळल्यावर ब्रेटला ते हवं होतं, आणि त्यासाठी मूळ लेखकाची कन्या डेम जीन कॉनन डॉयल यांची परवानगी घेतली गेली.

एक तांत्रिक खबरदारी. मालिका 4:3 पडद्यासाठी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या कमी रुंद चौकटीसाठी, बनली आहे. टीव्हीची 'फिल' किंवा 'स्ट्रेच' सेटिंग बंद करा. चित्र ताणलं तर चेहरा रुंद दिसतो, कापलं तर कडेचे हात जातात, आणि ब्रेटच्या बाबतीत हात गेले म्हणजे फार गेलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर चित्र बरोबर आहे.

होम्स संपला की मागे जा. 1956 च्या 'वॉर अँड पीस'मध्ये तो निकोलाय रोस्तोव्ह आहे, 1979 च्या बीबीसीच्या 'रेबेका'त मॅक्सिम डी विंटर. 'माय फेअर लेडी'त (1964) फ्रेडी तोच, पण गाणं बिल शर्लीच्या आवाजात आहे, तेव्हा तिथून त्याच्या आवाजाचा अंदाज बांधू नका. उच्चारातला जन्मजात दोष शस्त्रक्रियेने काढून, पुढे वर्षानुवर्षं सराव करून त्याने तो स्वच्छ उच्चार कमावला होता. तो ऐकायला 'रेबेका' उत्तम.