चित्र, गाणं, पुस्तक : आस्वादातून स्वतःच्या कामापर्यंत कसं पोहोचावं

‘रोज काहीतरी चांगलं पाहा, ऐका, वाचा, मग आपोआप सुचायला लागेल’ हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि तो अर्धवट आहे. भरपूर चित्रं पाहणारी, कान तयार असलेली, कपाटं भरून वाचणारी कितीतरी माणसं असतात. त्यांना लिहायची, रेखाटायची, चाल बांधायची मनापासून इच्छाही असते. तरी कागद कोराच राहतो. त्यांच्यात काही कमी नसतं. आस्वाद आणि निर्मिती यांच्या मधली एक पायरी त्यांना कुणी नीट दाखवलेली नसते, इतकंच. या लेखाचा मोठा भाग त्या एका पायरीवर आहे. बाकीच्या सोप्या आहेत, त्या पटकन उरकते.

निवड

आठवड्याला एकच कलाकृती घ्या, आणि लहान घ्या. एक चित्र, पाच-सात मिनिटांचं गायन किंवा वादन, एखाद्या कथेतली दोन पानं. रोज नवं चित्र, नवी कविता पाठवणारी ॲप या कामासाठी बंद ठेवा. त्यांनी ओळखी वाढतात, सहवास घडत नाही.

चित्र पडद्यावर पाहणार असाल तर त्याचं मूळ माप आधी तपासा. भिंतभर तैलचित्र फोनवर पाहिलं की फक्त विषय कळतो. रंगाचे थर, ब्रशचा वेग, समोर उभं राहिल्यावर येणारं दडपण, सगळं नाहीसं होतं. छापचित्रं, रेखाटनं, लघुचित्रं मात्र बरीचशी शाबूत राहतात. जपानी चित्रकार होकुसाईची ती जगप्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमाराची. लाकडी ठशांनी छापलेलं ते चित्र मुळातच साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटरचं आहे, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर ते जवळजवळ खऱ्या मापात दिसतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या प्रतिमा कुणालाही मोफत वापरायला खुल्या केल्या आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची चित्रंही अशीच मिळतात. सुरुवात तिथून करा.

पाहणं, ऐकणं, वाचणं

चित्राखालची पाटी, चित्रकाराचं चरित्र, समीक्षा हे सगळं नंतर. आधी दहा मिनिटं फक्त चित्र. दोनेक मिनिटांत कंटाळा येईल, आणि बहुतेक जण नेमके तिथेच उठतात. बसून राहा, डोळा खरा कामाला लागतो तो त्या कंटाळ्यानंतर. नजर पहिल्यांदा कुठे गेली, तिथून कुठे घसरली, काय सर्वांत उशिरा दिसलं, एवढं लक्षात ठेवा. मग अंगठ्याने चित्राचा एकेक भाग झाकून पाहा. ही साधी युक्ती मला कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

गाणं ऐकताना दुसरं काही करू नका. काम चालू असताना मागे वाजणारं संगीत कामासाठी बरं असेल, पण ते या हिशेबात धरायचं नाही. एकच ध्वनिमुद्रण तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा हाताने ताल धरून. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते आणि कलाकार समेवर कसा पोहोचतो ते बघत. तिसऱ्यांदा मुख्य आवाज सोडून मागच्या एका वाद्याचा पाठपुरावा करत.

पुस्तकाची दोन पानं मोठ्याने वाचा आणि त्यातला एक परिच्छेद हाताने उतरवून काढा.

अवघड पायरी : ‘आवडलं’च्या पुढे

इथे बहुतेक सगळे अडकतात. मीही बराच काळ इथेच अडकून होते, म्हणून सविस्तर सांगते.

चांगलं काही पाहिलं-ऐकलं की आपण वहीत विशेषणं लिहितो. भव्य, उदास, तरल, मनाला भिडणारं. लिहिताना फार समाधान वाटतं. पण विशेषण तुमच्यावर झालेला परिणाम सांगतं. तो परिणाम कलाकाराने कशाने घडवला, याचा त्यात मागमूस नसतो. ‘उदास’ हा शब्द घेऊन लिहायला बसलात तर तुम्हाला उदास वाटेल, पण पहिलं वाक्य कसं लिहायचं ते कळणार नाही. वह्यांमागून वह्या भरूनही हाती काही न लागण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून नियम असा : कलाकृतीबद्दल वहीत एकच वाक्य लिहायचं, त्याचा कर्ता कलाकार असला पाहिजे आणि त्यात विशेषणाऐवजी क्रियापद असलं पाहिजे. कलाकार काय *करतो*? लपवतो, उशिरा दाखवतो, तोडतो, परत आणतो, थांबवून धरतो, मापं बदलतो. हे वाक्य सहजासहजी मिळत नाही. अर्धा तास गेला तरी चालेल.

पुन्हा होकुसाईच्या लाटेकडे या. डावीकडून उसळलेली लाट, तिच्या फेसाचे पंजे, खाली तीन होड्या, त्यांत अंग चोरून बसलेले नावाडी. आणि मधल्या खळग्यात, बराच वेळ लाटच वाटेल असं काहीतरी : बर्फाचा माथा असलेला फुजी पर्वत. आता त्या पर्वतावर अंगठा ठेवा. लाट आहे तशीच आहे, पण तिचं मोठेपण ओसरतं. अंगठा काढला की ते परत येतं. आता वाक्य लिहिता येईल : ‘चित्रकार पर्वताला लांब नेतो, पाण्याला जवळ आणतो आणि दोघांच्या मापांची अदलाबदल करतो.’

या वाक्याने काय साधलं ते पाहा. ते कुठेही नेता येतं. तुम्ही कथा लिहीत असाल तर घरावर कोसळलेलं मोठं संकट परिच्छेदाच्या कडेला एका छोट्या वाक्यात ठेवा आणि बाकी सगळी जागा गळणाऱ्या नळाला द्या. छायाचित्र काढत असाल तर चहाचा कप भिंगाच्या पुढ्यात आणा आणि माणूस मागे छोटा होऊ द्या. ‘भव्य’ या शब्दातून यातलं काहीही निघालं नसतं.

दुसरं उदाहरण संगीतातलं. भूप आणि देशकार या दोन रागांत स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देशकार सकाळचा, आणि जाणकार श्रोता दोन-चार स्वरवाक्यांत त्यांना वेगळं ओळखतो. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग) आहे, तो राग सप्तकाच्या खालच्या अंगात रमतो. देशकाराचा वादी धैवत (ध), त्याचा ओढा वरच्या अंगाकडे. एका मागोमाग एक दोन्ही ऐका आणि गायक कुठे विसावतो तेवढंच टिपा. वाक्य असं होईल : ‘गायक सामग्री तीच ठेवतो, थांबण्याची जागा बदलतो.’ हे माझ्या वहीतलं सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य आहे. एकाच प्रसंगाचे तेच पाच तपशील घेऊन दोन परिच्छेद लिहा. एकात वाचकाला दारापाशी थांबवा, दुसऱ्यात पत्रापाशी. दोन वेगळे प्रसंग तयार होतात. यासाठी संगीताचं शिक्षण लागत नाही. कुठे थांबलं ते कुणालाही ऐकू येतं.

वाक्य बरोबर जमलं आहे का, याच्या दोन कसोट्या आहेत. ज्याने ती कलाकृती पाहिलेलीच नाही, त्याला तुमच्या वाक्यावरून काहीतरी करता आलं पाहिजे. आणि वाक्यातली क्रिया काढून घेतली तर मूळ कलाकृती ढासळली पाहिजे. अंगठ्याने पर्वत झाकला तसं. दोन्हींपैकी एक जरी नापास झाली तरी तुम्ही अजून विशेषणापाशीच आहात, परत बसा.

या पायरीचा उरलेला अर्धा भाग म्हणजे काय सोडून द्यायचं. क्रिया घ्या, विषय आणि लकबी सोडा. लाट आवडली म्हणून लाट काढली, पावसाची कविता आवडली म्हणून पावसावर कविता केली, की हातात येते ती मूळ गोष्टीची फिकट आवृत्ती. नवशिक्यांना ‘आवडत्या कलाकारासारखं करून बघा’ असं मोघम सांगणारा सल्ला मला म्हणूनच घातक वाटतो. ‘सारखं’ म्हणजे काय, हे सांगितलंच जात नाही, मग माणूस वरवरच्या खुणा उचलतो.

नक्कल मात्र मुळीच वाईट नाही, ती डोळसपणे केली तर. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये फ्रान्समधल्या सँ रेमीच्या रुग्णालयात असताना मिले या चित्रकाराच्या कामावरून वीसहून अधिक चित्रं केली. त्याच्यासमोर होत्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती. रचना, माणसांची शरीरं, त्यांचं वाकणं त्याने मिलेकडून घेतलं. रंग त्याला स्वतःलाच शोधावे लागले. वादक जसा दुसऱ्याची रचना आपल्या पद्धतीने वाजवतो तसं हे काम आहे, असं त्याने भावाला पत्रात लिहिलं होतं. यातली शिकण्यासारखी गोष्ट नेमकी आहे : नक्कल करताना मूळ कलाकृतीचा एक भाग मुद्दाम स्वतःपासून लपवा, म्हणजे तो तुम्हालाच भरावा लागेल. रंगीत चित्र करड्या छटांत छापून घ्या. गाण्याचे शब्द काढून फक्त चाल गुणगुणा आणि नवे शब्द बसवा.

गद्यासाठी बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात सांगितलेली पद्धत अजूनही सर्वांत चांगली आहे. आवडलेल्या निबंधातल्या प्रत्येक वाक्याचा आशय तो दोन-चार शब्दांत टिपून ठेवी. काही दिवस जाऊ देई. मग मूळ न पाहता त्या टिपणांवरून निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा उभा करी आणि मुळाशी ताडून पाही. कधी टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून तो पुन्हा लावायचा प्रयत्न करी. मधले दिवस गाळू नका. लगेच लिहिलंत तर आठवण लिहील, तुम्ही लिहिणार नाही.

एक सावधगिरी. या पायरीवर आनंद थोडा ओसरल्यासारखा वाटतो. आवडत्या गाण्याची अशी उकल करणं नको वाटतं, आणि ती भावना खरी आहे. म्हणून अगदी जिव्हाळ्याची, आयुष्यातल्या माणसांशी जोडलेली गाणी आणि पुस्तकं या कामाला घेऊ नका. ती तशीच राहू द्या. आवडलेल्या पण अजून परक्या असलेल्या गोष्टी घ्या.

करणं

क्रियापद मिळालं त्याच दिवशी वीस मिनिटांत काहीतरी लहान करा, शक्यतो दुसऱ्या माध्यमात. माध्यम बदललं की नकलेची वाट आपोआप बंद होते. फ्रेंच संगीतकार देब्यूसीच्या समुद्रावरच्या वाद्यवृंदरचनेची स्वरलिपी १९०५ मध्ये छापली गेली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर हीच होकुसाईची लाट होती. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीने चित्रकार मित्राच्या निधनानंतर भरलेल्या प्रदर्शनावरून १८७४ मध्ये पियानोसाठी रचनामालिका लिहिली, आणि तिच्यात चित्रांबरोबरच एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाण्याची चालही घातली. चित्रकारांनी गाणं ऐकावं, लिहिणाऱ्यांनी चित्रं पाहावीत, गाणाऱ्यांनी वाचावं.

केलेलं त्या दिवशी कुणालाही दाखवू नका, तारीख घालून ठेवून द्या.

वहीत डाव्या पानावर क्रियापदाचं वाक्य, उजव्या पानावर तुम्ही केलेलं. रंगीत खुणा, विषयवार अनुक्रमणिका यांची गरज नाही. त्यात वेळ जातो आणि काम झाल्याचा भास होतो. काही सुचेनासं झालं तर फक्त डावी पानं चाळा आणि एक जुनं क्रियापद आजच्या विषयावर लावून पाहा.

आठवडा संपताना त्याच कलाकृतीसमोर पुन्हा दहा मिनिटं बसा. आता पाटी वाचा, चरित्र वाचा, समीक्षाही वाचा. नवं क्रियापद सापडलं, तर पुढच्या आठवड्यालाही तीच कलाकृती ठेवा.