समोरच्या दिव्याने डोळे दिपतात? उजेड नेमका कुठे पसरतोय, ते असं तपासा

माझ्या वडिलांना नेत्रतपासणीत तक्त्याची शेवटची ओळ वाचता यायची, अगदी ६/६. पण रात्री समोरून मोटार आली की रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्यांना दिसेनासा व्हायचा. ‘नंबर ठीक आहे’ एवढ्यावर दोन वर्षं गेली. तक्त्यात पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात, डोळ्यांत घुसणारा दिवा नसतो. म्हणून पुढे दिलेली तपासणी घरी करून बघाच.

डोळ्यात शिरलेला सगळा प्रकाश नेमक्या जागी पोचत नाही. थोडा पारपटलात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात) आणि भिंगात विखुरतो, थोडा मागच्या पडद्यावरून उलटतो आणि सगळ्या चित्रावर फिकट उजेड पसरतो. त्यात अंधारातल्या वस्तू बुडतात. सत्तरीपर्यंत हे विखुरणं तरुणपणाच्या साधारण दुप्पट होतं. मोतीबिंदू असेल तर कितीतरी जास्त.

रात्री मोकळ्या जागी स्कूटर उभी करा, हेडलाइट लावा, शेजारी घरातल्या कुणाला तरी उभं करा आणि तीसेक पावलं मागे या. (सूर्याकडे किंवा लेसरकडे बघून हे कधीही करू नका.) चष्मा आधी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या.

एक डोळा झाका. हात लांब करून अंगठ्याने फक्त दिवा झाका. दिव्याभोवतीची प्रभा तत्क्षणी नाहीशी झाली, तर ती तुमच्या डोळ्यात किंवा चष्म्यात होती. धुक्यातली प्रभा अंगठ्याभोवती उरते. बारीक किरण निरोगी डोळ्यालाही दिसतात, त्यांनी घाबरू नका. पण शेजारचा माणूस अंगठा धरल्यावरच दिसू लागला, तर ते गंभीरपणे घ्या. मग दुसरा डोळा तपासा. दोघांत फरक असेल तर लिहून ठेवा.

उभ्या गाडीत बसून दिव्याकडे बघा आणि डोकं खांद्याकडे कलवा. प्रकाशाच्या रेषा डोक्याबरोबर कलल्या तर दोष डोळ्याचा किंवा चष्म्याचा. जागच्या जागी राहिल्या तर गाडीची काच पुसा, आतूनसुद्धा.

डॉक्टरांना ‘कमी दिसतं’ असं सांगू नका. ‘दिवा समोर आला की शेजारचं दिसत नाही’ असं सांगा आणि बाहुली मोठी करून भिंग तपासायला सांगा. मधुमेह असेल, स्टिरॉइड घेत असाल तर तेही सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी जा. कृत्रिम भिंगामागचं आवरण कधी कधी गढूळ होतं आणि ते लेसरने मोकळं करता येतं.

दिव्याभोवती रंगीत कडी, सोबत डोळा लाल, दुखणं, उलटी असेल तर त्याच रात्री दवाखाना गाठा. डोळ्यातला दाब एकाएकी वाढल्याची ती खूण असू शकते.

तोवर रात्री गाडी चालवावीच लागली, तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. दिवा नजरेपासून दुप्पट कोनावर गेला की पसरलेला उजेड साधारण चौथाईवर येतो. ‘रात्रीचे’ म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे मात्र घेऊ नका. ते अंधारातला उरलासुरला प्रकाशही कमी करतात.