देव ‘साधा’ आहे म्हणजे काय? अभ्यासगटात या चुका टाळा

इंदुरात आमचा मराठी ख्रिस्ती अभ्यासगट दर गुरुवारी संध्याकाळी जमतो. दहा-बारा माणसं, निम्म्यांचं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं. सध्या देवाच्या गुणांवर वाचन चालू आहे आणि गाडी फिरून फिरून त्याच खड्ड्यांत जाते. काही खड्डे मीच खणलेले.

पहिला खड्डा शब्दाचा. इंग्रजी ‘सिम्प्लिसिटी’चं मी घाईत ‘देवाचा साधेपणा’ केलं आणि झेरॉक्स वाटून टाकल्या. मग तासभर चर्चा येशूच्या गव्हाणीची, सुताराच्या घराची, साध्या राहणीची. चर्चा छान रंगली, फक्त विषय दुसराच होता. इथे म्हणायचं असतं ते हे की देव निरवयव आहे, भाग जोडून बनलेला नाही. त्याला हातपाय नाहीत एवढंच नव्हे. देव एक आणि त्याचं चांगुलपण दुसरं, अशीही जोडणी नाही. जोडलेल्या वस्तूला जोडणारा लागतो आणि तिचे भाग तिच्या आधी असावे लागतात. मग देवाच्याही आधी काहीतरी होतं, असं मानावं लागेल. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हाच मुद्दा मांडला. तेव्हा ‘निरवयव’ किंवा ‘अखंड’ लिहा.

दुसरी चूक सगळ्यात चिवट. गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली होती. डावीकडे न्याय, पवित्रता, क्रोध. उजवीकडे दया, प्रीती, क्षमा. खाली प्रश्न: ‘क्रूसावर कोण जिंकलं?’ प्रश्न हुशारीचा, पण रेघच चुकलेली. आपण पोह्यांवर शेव, कांदा, जीरावन घालतो. शेव नको म्हटलं तरी पोहे ते पोहेच. देवाची दया अशी वरून भुरभुरलेली नसते. देवाजवळ जे आहे तेच तो आहे, असं जुना ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीन म्हणतो. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातही ‘देव प्रीती आहे’ असंच येतं, ‘देवाजवळ प्रीती आहे’ असं नाही. त्याचा न्याय प्रेमळच आणि त्याचं प्रेम न्यायीच. दोन शब्द लागतात ते आपल्याला, कारण आपल्या बुद्धीला सगळं एकदम पेलत नाही.

आपलं वाक्य तपासायची सोपी खूण: त्यात देवाचा एक गुण दुसऱ्याला आवरतोय, त्याची समजूत घालतोय किंवा त्याला हरवतोय का? तसं असेल तर वाक्य खोडा. काही गाण्यांतही हेच सापडतं, पण गाण्यांना मी हात लावत नाही. मला याच गटात राहायचं आहे.

‘निरवयव’ म्हटलं की अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला लगेच ‘निर्गुण’ आठवतं. तुलना जरूर करा. ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) या बंगाली कॅथलिक विचारवंताने निर्गुण ब्रह्म आणि अक्वायनसचा देव यांची सांगड घालायचा गंभीर प्रयत्न केला होता. पण निरवयव म्हणजे गुणहीन नव्हे. तिथे गुणांची वाण नाही, फक्त ते एकमेकांपासून सुटे नाहीत. त्रैक्याचंही तसंच. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे देवाचे तीन तुकडे नव्हेत. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, तीन व्यक्ती आणि पूर्ण निरवयव असं एकच तत्त्व, ही दोन्ही विधानं शेजारी-शेजारी ठेवली.

आता ‘सार्वभौम’. इंदूरकराला हा शब्द ऐकताच होळकरांचा राजवाडा दिसतो. पण १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांवरही इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे देखरेख करणारा अधिकारी, होताच; त्या भागाला आपण अजून रेसिडेन्सी म्हणतो. मग आपण देवाची कल्पना करतो ती ‘ज्याच्यावर रेसिडेंट नाही असा राजा’ अशी. तरीही तो सत्तेच्या शिडीवरच राहिला, फक्त सगळ्यात वरच्या पायरीवर. ख्रिस्ती विचारात देव त्या शिडीवर नाहीच, शिडीचं असणंच त्याच्याकडून आहे. आणि ‘तो सार्वभौम, वाटेल ते करेल’ ही भीती उभी राहते ती पुन्हा त्याच रेघेतून: इच्छा एका बाजूला, चांगुलपण दुसऱ्या बाजूला. देवाची इच्छा त्याच्या चांगुलपणापासून सुटून कुठे जाणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बैठकीच्या खोलीचं छत गळलं. सतरंजी भिजली, गीतांची पुस्तकं फुगली. एक काका उसासा टाकून म्हणाले, “देवाची इच्छा.” वर चढून पाहिलं तर पन्हळीत पिंपळाची पानं गच्च. ती साफ करायची पाळी माझी होती. इंदुरात १८७७मध्ये काम सुरू केलेल्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (एक प्रॉटेस्टंट पंथ) मिशनऱ्यांच्या परंपरेत १६४६चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा मानला जातो. त्याचं तिसरं प्रकरण म्हणतं की जे घडतं ते सारं देवाने ठरवलेलं आहे, पण तो पापाचा कर्ता नाही, कुणाच्या इच्छेवर बळजबरी करत नाही आणि माणसं-वस्तूंसारखी दुय्यम कारणंही पुसून टाकत नाही. छताच्या प्रकरणातलं दुय्यम कारण म्हणजे मी.

‘देवाची इच्छा’ हे वाक्य मयताच्या घरी तर बोलूच नका. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पन्नासाव्या अध्यायात योसेफ भावांना म्हणतो की तुम्ही वाईट योजलंत, पण देवाने त्यातून चांगलं योजलं. हे तो स्वतः म्हणतो, आणि तेही कित्येक वर्षांनी. विहिरीत ढकलणाऱ्या भावांनी ते त्याला ऐकवलेलं नाही.

एक आक्षेप मात्र चूक म्हणून झटकू नका. देवात सगळं एकच असेल, तर जग निर्माण करण्याची त्याची इच्छाही तोच. मग जग न घडवण्याची मोकळीक त्याला होती का? शिवाय देव म्हणजेच त्याचा गुण असेल, तर तो व्यक्ती कसा, हे अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगाने १९८०मध्ये विचारलं. अक्वायनसचे अनुयायी उत्तरं देतात, वाद चालूच आहे. गटात कुणी हे विचारलं तर त्याला चहा द्या आणि बोलू द्या.

मागच्या गुरुवारी मावशींनी विचारलं, “सगळं ठरलेलंच आहे आणि देव बदलतही नाही, तर मी गुडघे का दुखवून घेऊ?” मी अक्वायनसचं उत्तर सांगितलं: प्रार्थना देवाचं मन वळवण्यासाठी नाही; जे प्रार्थनेतूनच द्यायचं त्याने ठरवलंय, ते मिळावं म्हणून आहे. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे पन्हळ साफ करणारा वेळेवर वर चढू दे, अशी प्रार्थना चालेल?”

चालते.