लेकराला वाचा-श्रवण विभागात नेताना वही सोबत ठेवा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. दोन वर्षांचं लेकरू हाकेला ओ देत नसलं की घरचे मागून थाळी वाजवतात. ते वळलं की म्हणतात, ‘ऐकू येते त्याले, बोलंल हळूहळू.’ थाळीच्या भरवशावर राहू नका, ताई. थाळी ऐकू येते, पण ‘स’, ‘श’ असे बारीक आवाज निसटतात. आरबीएसकेचं, म्हणजे लेकरांची तब्येत तपासणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचं पथक वर्षातून २ वेळा अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवून वाचा-श्रवण विभागाची, म्हणजे ऐकणं-बोलणं तपासतात तिथली चिठ्ठी घ्या.

तिथली ‘बेरा’ ही ऐकण्याची तपासणी लेकरू झोपलेलं असताना होते. डोक्याला वायरी चिकटवतात, दुखत नाही. त्या दिवशी त्याला पहाटेच उठवा आणि एसटीत झोपू देऊ नका. एकदा माझ्यासोबतचं लेकरू सगळा रस्ता झोपलं अन् तिथे टक्क जागं. दुसरी तारीख घ्यावी लागली, त्या आईची मजुरी परत बुडाली.

कॉलेजच्या या विभागात बरंच काम शिकणाऱ्या मुली करतात, त्यांच्या मॅडम लक्ष ठेवून असतात. ‘शिकाऊ आहे’ म्हणून आया बिचकतात. मला उलट वाटतं, त्या निवांत बसून विचारतात: जन्मल्याबरोबर रडलं का, कावीळ झाली होती का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का. दवाखान्यातून सुट्टीचा कागद न्या, म्हणजे आठवणीवर सांगावं लागत नाही.

पण या मुली काही महिन्यांनी बदलतात. नव्या ताईला मागचं सगळं तुम्हीच सांगायचं असतं, म्हणून वही. लेकरू जो शब्द बोलतं तो घरी म्हणतो तसाच लिहा, तारखेसकट. पेरूचं चित्र बघून एक पोरगी ‘जाम’ म्हणाली. बाहेरगावच्या ताईने चूक मांडली. आईने लगेच सांगितलं, ‘आमच्याकडे जामच म्हणतात.’ खूण बरोबर झाली. सांबार म्हणजे कोथिंबीर, आलू म्हणजे बटाटा, सगळं असंच सांगा. घरी कोलामी किंवा गोंडी बोलत असाल तर तेही आधीच सांगा, लपवू नका.

बोलण्याच्या सरावाला तिथे आठवड्यातून एकदाच जाणं होतं, उरलेले ६ दिवस घरचे. तुरीच्या शेंगा सोलताना लेकराला समोर बसवा. ‘शेंग दे’ म्हणा अन् थांबा. त्याच्या तोंडून काहीतरी निघेपर्यंत थांबणं फार जड जातं, पण थांबाच.

कापूस वेचणीत तारीख चुकणार असेल तर आधीच फोन करा, त्या आठवड्याचा अभ्यास विचारा आणि वहीत उतरवून घ्या.